जमेकडे एकवीस जास्त

उग्ने, लग्न झालं तुझं, आता सांगते.
रिगाचे ते दोन दिवस मी पेन्सिलीनं आखले होते.
पेनानं नाही. खोडायचं बरंच होतं.

माणशी दीडशे युरो, झिविले म्हणाली.
ती ऑस्लोत लोकांचे दात साफ करते,
तिला दीडशे म्हणजे दोन जबडे.
तिनं यादी धाडली : नदीत बोट, शॅम्पेन,
गरम पाण्याचे हौद, गुलाबी पट्टे सहा,
त्यावर सोनेरी अक्षरं.
बाकीच्यांनी बदाम पाठवले, लाल.
स्कैस्तेनं नुसता अंगठा.

अंगठ्याचा अर्थ मला कळतो.
मी सायकलच्या कारखान्यात पगारपत्रकं करते;
उचल मागायला आलेला माणूस
आधी हवेबद्दल बोलतो.
स्कैस्तेनं मे महिन्यात गाडीचे हिवाळी टायर विकले.
विचारलं तर म्हणाली, यंदा बर्फ कमीच पडेल.

मग मी बोट बुडवली.
नदी काय, पुलावरूनही दिसते,
आणि पुलावर कुणी तिकीट फाडत नाही.
शॅम्पेनच्या जागी सफरचंदाची वाइन,
रासाच्या काकाची, प्लास्टिकच्या बाटलीत.
गरम हौद खोडून समुद्र लिहिला :
आगगाडीनं अर्धा तास, पाणी थंडगार, फुकट.
हॉटेल खोडलं. सहा खाटांची खोली,
खिडकी ट्रामकडे.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथे अंथरुणं सहा, पाय बारा,
त्यातले झिविलेचे दोन बाहेरच लोंबणारे.

आकडा आला ब्याऐंशी.
स्कैस्तेचा अंगठा तसाच.
रात्री सगळ्यांना कळवलं :
सहा जणी असल्या तर हॉस्टेल सवलत देतंय.
हॉस्टेल कुणाला काही देत नव्हतं.
एकसष्ट.
(तुझ्या लग्नात माझे बूट जुने का होते,
आता आलं लक्षात?)
एकसष्टवर तिनं पहिल्यांदा शब्द लिहिले :
पट्टे मी शिवते.

जुन्या पडद्याचे पट्टे ते, बदकांचे.
तुझ्यावरचं बदक उलटं आलेलं,
आणि तू ते झोपतानाही काढलं नाहीस.
चेहऱ्यांच्या गल्लीत माना मोडेस्तोवर
आपण वर बघत उभ्या होतो :
दगडाच्या बायका, भिंतीभर, आ वासून.
यांना कुणीतरी बिल दाखवलंय, रासा म्हणाली,
आणि आपण इतक्या हसलो
की वरची एक खिडकी उघडून म्हातारी ओरडली.
लॅटव्हियन कुणाला येतं?
पण सूर समजला. आईचाच होता.

रात्र होईचना. अकराला आभाळ ताकासारखं,
पुलाच्या कठड्याला टेकून बाटली फिरत होती.
तू म्हणालीस, भीती वाटतेय गं.
कशाची, ते कुणी विचारलं नाही.
स्कैस्तेनं स्वतःच्या पट्ट्यानं तुझं नाक पुसलं.

शेवटच्या सकाळी कॉफीच्या डब्यातले पैसे
मी हॉस्टेलच्या पायरीवर ओतले.
उरायला हवे होते चार युरो, तीस सेंट.
निघाले पंचवीस, तीस.
तीनदा मोजले.
बारा वर्षं कमी पडलेले पैसे शोधतेय मी.
जास्तीचे कसे शोधतात, कुणी शिकवलंच नाही.
झिविले एक मोजा शोधत होती.
रासाच्या तोंडात ब्रश. तू अजून झोपलेली.
दाराशी दरपत्रक टांगलेलं, ठळक अक्षरांत,
दोन दिवस आपण सगळ्या त्याच्यासमोरून जात येत होतो.
त्याच्याखाली बूट बांधता बांधता
स्कैस्ते म्हणाली,
हवा काय छान पडलीये नाही?

परत देता आले नसते.
हवाई जहाजांच्या त्या जुन्या कोठारांत,
जिथे आता बाजार भरतो,
मी सगळ्याचा धुरावलेला मासा घेतला, वर काळा पाव.
शौलेईच्या बसमध्ये तू पुडकं उघडलंस
आणि ड्रायव्हर माइकवरून बोंबलला, आठवतं?

वहीत ती ओळ अजून कोरी आहे.
म्हणजे कोरी नाही.
तेलाचा डाग आहे, अंगठ्याएवढा.